इसार झाला, भाव फिरला : घरखरेदीत ऐन वेळी किंमत कमी मागितली जाते तेव्हा

घराचा व्यवहार ठरतो तो चार माणसांत. किंमत निश्चित होते, पेढे वाटले जातात, इसाराची रक्कम दिली जाते आणि खरेदीखताचा दिवस ठरतो. त्यानंतर महिना-दोन महिने कागदपत्रे, कर्जमंजुरी आणि वकिलाचा शोध यांत जातात. नोंदणीला चार दिवस उरले असता खरेदीदाराचा निरोप येतो, 'एवढे जमणार नाही, तीन-चार लाख कमी करा, नाहीतर राहू द्या.' विक्रेत्याने तोवर दुसरीकडे शब्द दिलेला असतो, लग्नाची तारीख धरलेली असते किंवा रुग्णालयाचे बिल भागवायचे असते. नकार द्यावा तर सारे पुन्हा पहिल्यापासून आणि होकार द्यावा तर पदरचे लाखो रुपये जातात.

बीड जिल्ह्यात हा प्रसंग एका विशेष कारणाने अधिक अडचणीचा होतो. येथील अनेक कुटुंबे नोकरी-व्यवसायासाठी पुणे, मुंबई वा छत्रपती संभाजीनगर येथे स्थायिक झाली आहेत. गावाकडचे किंवा तालुक्याच्या गावचे वडिलोपार्जित घर विकण्यासाठी भाऊ-बहिणी ठरलेल्या दिवशी रजा काढून येतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे वेळापत्रक तर हंगामावर बांधलेले असते. दसरा-दिवाळीनंतर बाहेर पडलेला माणूस हंगाम संपेपर्यंत सहसा परतत नाही. सर्व सह्या एका दिवशी जमवणे ज्यांना इतके कठीण, त्यांच्यावर शेवटच्या क्षणी टाकलेला दबाव सर्वाधिक चालतो.

ठरलेली किंमत नंतर कमी मागणे प्रत्येक वेळी लबाडीच असते असे नाही. काही वेळा त्यामागे खरे आणि रास्त कारण असते. ते कसे ओळखावे, कायद्याचे पाठबळ कोणाला आणि किती आहे, आणि इसार देताना-घेतानाच कोणती काळजी घ्यावी, याचा येथे विचार केला आहे.

तीन कागद, तीन अर्थ

व्यवहारातील कागदांचा अर्थ आधी स्पष्ट असावा. इसारपावती (काही भागांत विसारपावती) म्हणजे व्यवहार ठरल्याची आणि आगाऊ रक्कम मिळाल्याची पोच. साठेखत म्हणजे पुढे खरेदीखत करून देण्याचा सविस्तर करार. खरेदीखताने मालकी प्रत्यक्ष हस्तांतरित होते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार विक्रीच्या कराराने मिळकतीत मालकी हक्क निर्माण होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्ये हेच पुन्हा बजावले.

याचा अर्थ इसारपावती निरुपयोगी असा मात्र नाही. तीत मिळकतीचे वर्णन, किंमत, पक्षकार आणि मुदत स्पष्ट असेल तर तोही करारच होय. साध्या कागदावरचा, नोंदणी न झालेला करारदेखील करारपूर्तीच्या दाव्यात पुरावा म्हणून वाचता येतो. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ४९ मध्ये तशी तरतूद आहे. केवळ तोंडी करारही सिद्धांततः वैध ठरू शकतो. परंतु तो सिद्ध करण्याची जबाबदारी फार मोठी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने ब्रिजमोहन विरुद्ध सुग्रा बेगम या हैदराबादच्या प्रकरणात १९९० मध्ये स्पष्ट केले. 'चार माणसांत ठरले होते' एवढ्यावर न्यायालयात फार दूर जाता येत नाही.

इंग्लंडमधील अनुभव

इंग्लंड आणि वेल्समध्ये या प्रकाराला स्वतंत्र नावच आहे. ठरलेल्या किमतीवर विक्रेत्याने दुसऱ्याची जास्त बोली घेतली तर ते 'गॅझंपिंग' आणि खरेदीदाराने शेवटच्या क्षणी बोली खाली आणली तर 'गॅझंडरिंग'. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तेथील घरांचे भाव घसरू लागले तेव्हा हा दुसरा शब्द रूढ झाला. बोली स्वीकारली गेली तरी उभयतांच्या करारप्रतींची अदलाबदल होईपर्यंत तेथे कोणीच कायद्याने बांधील नसतो. जमीन विक्रीचा करार लेखीच हवा, असे तेथील १९८९चा कायदा सांगतो. म्हणून मधल्या आठवड्यांत किंमत बदलणे तेथे नैतिकदृष्ट्या गैर मानले गेले तरी बेकायदा नसते.

आपल्याकडे स्थिती वेगळी आहे. योग्य शब्दांत लिहिलेली इसारपावती दोघांना पहिल्या दिवसापासून बांधते. तथापि प्रत्यक्षात बहुतेक इसारपावत्या चार ओळींच्या असतात. त्यात रक्कम आणि तारखेपलीकडे काही नसते. कायद्याने दिलेले संरक्षण त्यामुळे कागदावर उतरतच नाही.

किंमत कमी मागण्याची खरी कारणे

पहिले कारण बँकेचे मूल्यांकन. गृहकर्ज देताना बँक आपल्या यादीवरील मूल्यांककाकडून घराची किंमत ठरवते आणि करारातील किंमत व हे मूल्यांकन यांपैकी कमी आकडा सामान्यतः आधारास धरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी मूल्याच्या कमाल ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के कर्ज देता येते. समजा, व्यवहार ४० लाखांना ठरला आणि ८० टक्के दराने ३२ लाखांचे कर्ज गृहीत धरले. मूल्यांकन ३६ लाखच आले तर कर्ज २८ लाख ८० हजारांवर येते. ३ लाख २० हजारांची ही तूट खरेदीदाराने कोठून भरावी, हा प्रश्न खरा आहे. मात्र हे कारण सांगणाऱ्याजवळ बँकेचा कागद असतो.

दुसरे कारण मालकी हक्कातील दोष. मराठवाडा हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे जुन्या मिळकतींचे कागद शोधताना उर्दू दस्तऐवजांपर्यंत जावे लागते. मिळकत इनामाची, देवस्थानाची किंवा वक्फची निघाली, भोगवटादार वर्ग २ची असून परवानगी घेतलेली नसली, वा अकृषिक परवाना नसलेल्या जमिनीवर भूखंड पाडलेले असले, तर केवळ किंमत कमी करून भागत नाही. व्यवहारच थांबवून आधी कायदेशीर सल्ला घ्यावा.

वारसांच्या सह्या हा दोष सर्वांत नेहमीचा. हिंदू वारसा कायद्यातील २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. वडील २००५ मध्ये हयात असणे त्यासाठी आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. उताऱ्यावर केवळ भावांची नावे आहेत म्हणून बहिणींना वगळून केलेला व्यवहार पुढे वादात सापडू शकतो. अशा वेळी उत्तर भाव पाडणे हे नसून बहिणींची संमती अथवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र घेणे हे आहे.

तिसरे कारण बांधकामातील दोष, थकीत कर अथवा बँक वा पतसंस्थेचा लपवलेला बोजा. कलम ५५ नुसार मिळकतीतील वा हक्कातील, खरेदीदाराला सहज न कळणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने आपणहून सांगणे बंधनकारक आहे. तो दडवणे कपट मानले जाते. विक्रीच्या दिवसापर्यंतचे सरकारी देणे आणि कर भागवण्याची जबाबदारीही, वेगळे ठरलेले नसल्यास, विक्रेत्याचीच असते. येथे किंमत कमी मागणारा खरेदीदार आपला हक्कच मागत असतो.

अडवणूक कशी ओळखावी

रास्त मागणी आणि अडवणूक यांतील भेद तीन गोष्टींवरून लक्षात येतो. पहिली गोष्ट वेळ. दोष कळल्याबरोबर, म्हणजे व्यवहार मोडला तरी विक्रेत्याला दुसरे गिऱ्हाईक शोधता येईल अशा वेळी, सांगणारा खरेदीदार प्रामाणिक असतो. सह्यांच्या आदल्या रात्री सांगणारा बहुधा विक्रेत्याच्या नडीचा हिशेब करून आलेला असतो. दुसरी गोष्ट कागद. मूल्यांकन अहवाल, वकिलाचा शोध अहवाल, अभियंत्याचा अंदाज किंवा थकबाकीची नोटीस यांपैकी काहीतरी दाखवता आले पाहिजे. 'बाजार पडला', 'घरचे नको म्हणतात' ही कारणे नव्हेत. तिसरी गोष्ट आकडा. खऱ्या दोषाचा आकडा त्या दोषातूनच येतो. गच्चीची दुरुस्ती दीड लाखाची असेल तर मागणीही तेवढीच असते. गोल चार-पाच लाखांची मागणी हे सौदेबाजीचे लक्षण होय.

खरेदीदाराने मुद्रांक शुल्क भरले आहे की नाही, हेही पाहावे. ते भरले की त्याचाही पैसा अडकतो आणि माघार घेणे त्याला तितके सोपे राहत नाही. म्हणून नोंदणीच्या काही दिवस आधी मुद्रांक शुल्क भरल्याची पावती दाखवण्याची अट रास्त आहे.

विक्रेत्याचे हक्क

ठरलेल्या किमतीला खरेदी करण्यास खरेदीदाराने नकार दिला तर विक्रेत्यापुढे तीन मार्ग असतात. करार संपुष्टात आणून इसार जप्त करणे, झालेल्या नुकसानीची भरपाई मागणे, किंवा करारपूर्तीचा दावा करणे. करारपूर्तीचा दावा विक्रेत्यालाही करता येतो. त्याची मुदत करारात ठरलेल्या तारखेपासून, आणि तारीख ठरलेली नसल्यास नकार कळल्यापासून, तीन वर्षे आहे. परंतु पैशाची निकड असलेल्या माणसाला दाव्याचा निकाल येईपर्यंत थांबणे परवडत नाही, हे वास्तव मान्य केले पाहिजे.

इसार जप्तीबाबत एक गैरसमज सर्वत्र आढळतो. हाती आलेली सर्व रक्कम ठेवून घेता येते, असे अनेकांना वाटते. फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास हा १९६३चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय येथे मार्गदर्शक आहे. दिल्लीतील बंगला १,१२,५०० रुपयांना विकण्याचे ठरले होते. १,००० रुपये इसार म्हणून आणि २४,००० रुपये ताबा देताना किमतीपोटी दिले गेले. व्यवहार मोडल्यावर न्यायालयाने १,००० रुपये ठेवू दिले. २४,००० रुपये मात्र दंड म्हणून जप्त करता येणार नाहीत, असे ठरवले. करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार भरपाई वाजवीच असावी लागते. २०१२ मध्ये सतीश बत्रा प्रकरणातही न्यायालयाने सांगितले की, रक्कम खरोखर इसार म्हणून दिलेली असावी आणि जप्तीची अट करारात स्पष्ट असावी. किमतीचा हप्ता म्हणून दिलेली रक्कम केवळ तिला 'इसार' म्हटल्याने जप्तीस पात्र होत नाही.

खरेदीदाराने लक्षात ठेवावे

विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम १६ नुसार करारपूर्ती मागणाऱ्याला आपण आपली बाजू पार पाडण्यास सदैव तयार व राजी होतो, हे सिद्ध करावे लागते. २०१८च्या दुरुस्तीने करारपूर्तीचा हक्क बळकट झाला, पण ही अट राहिली. 'ठरलेले चाळीस देणार नाही, छत्तीसच देईन' असा निरोप मोबाइलवर लिहून पाठवणारा खरेदीदार आपल्याच विरुद्ध पुरावा तयार करत असतो. घर दुसऱ्याला विकले गेले तर नंतर न्यायालयात 'मी तयार होतो' म्हणणे त्याला अवघड जाते. इसारही जाण्याची शक्यता असते.

याउलट दोष विक्रेत्याच्या बाजूचा असेल आणि त्यामुळे व्यवहार रास्त कारणाने नाकारावा लागला, तर दिलेली रक्कम परत मिळण्यासाठी कलम ५५ नुसार खरेदीदाराचा मिळकतीवर बोजा राहतो. म्हणून दोष आढळताच लेखी कळवावे आणि 'दोष दूर झाल्यास ठरलेल्या किमतीला तयार आहे' हे वाक्य त्यात आवर्जून घालावे.

किंमत कमी करण्याचे ठरलेच तर

दोघांच्या संमतीने किंमत बदलता येते. करार अधिनियमाच्या कलम ६२ मध्ये तशी मुभा आहे. मात्र तो बदल पुरवणी कराराने लेखी व्हावा आणि त्यात कारणही नमूद व्हावे. नडीपायी होकार दिला आणि नंतर 'माझ्यावर सक्ती झाली' असे म्हटले तर ते टिकणे कठीण आहे. कायद्यातील सक्तीची व्याख्या गुन्हेगारी कृत्य, त्याची धमकी किंवा मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणे एवढ्यापुरती आहे. आर्थिक निकड तीत बसत नाही. सही करण्यापूर्वीच विचार करावा, हेच खरे.

किंमत घटली म्हणजे खर्चही घटेल, हीदेखील समजूत पुरती खरी नाही. मुद्रांक शुल्क प्रत्यक्ष मोबदला आणि शासनाच्या वार्षिक दर तक्त्यानुसारचे बाजारमूल्य यांपैकी जास्त रकमेवर लागते. समजा, तक्त्यानुसार घराचे मूल्य ३८ लाख आहे आणि व्यवहार ४० वरून ३४ लाखांवर आला. शुल्क ३८ लाखांवरच भरावे लागेल. आयकराच्या तरतुदींनुसार दहा टक्क्यांपर्यंतची तफावत चालते. येथे ती ४ लाख, म्हणजे ३४ लाखांच्या दहा टक्क्यांहून, ३ लाख ४० हजारांहून, अधिक आहे. त्यामुळे ४ लाख रुपये खरेदीदाराचे उत्पन्न धरले जाऊ शकतात आणि विक्रेत्याचा भांडवली नफाही ३८ लाख गृहीत धरून काढला जातो. म्हणजे कमी झालेल्या किमतीचा कर दोघांच्याही मानगुटीवर बसतो.

फरक रोखीने 'वरून' देण्याचा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. तो मानू नये. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये वा अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास २०१५ पासून मनाई असून तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. शिवाय कागदावर नसलेली रक्कम बुडाली तर ती सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते.

'उरलेले नंतर देतो'

ऐन वेळच्या मागणीचे दुसरे रूप अधिक धोक्याचे आहे. किंमत तीच ठेवतो, पण पाच लाख सहा महिन्यांनी देतो, आज खरेदीखत करून द्या, असे सुचवले जाते. गुजरातमधील दहिबेन प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये दिला. १ कोटी ७४ लाखांच्या मोबदल्यापैकी केवळ ४० हजार रुपये मिळाले, असे विक्रेत्यांचे म्हणणे होते. तरीही नोंदणीकृत खरेदीखत केवळ पैसे न मिळाल्याच्या कारणावरून रद्द होत नाही, असे न्यायालयाने सांगितले. उरते ती वसुली. न मिळालेल्या किमतीपुरता विक्रेत्याचा मिळकतीवर बोजा कायद्याने राहतो खरा, परंतु खरेदीखतात 'संपूर्ण रक्कम भरून पावली' असे लिहून सही केली असेल तर तो हक्क बजावणेही जिकिरीचे होते. संपूर्ण रक्कम बँकेतून जमा झाल्याखेरीज किंवा डिमांड ड्राफ्ट हाती आल्याखेरीज खरेदीखतावर सही करू नये.

इसारपावतीत काय असावे

या साऱ्यावरचा उपाय पहिल्या दिवशीच्या कागदात आहे. घराची मिळकत पत्रिका, किंवा ग्रामपंचायत हद्दीत नमुना ८चा उतारा, कर भरल्याच्या पावत्या आणि सर्व वारसांची नावे इसारापूर्वीच खरेदीदाराला दाखवावीत. नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, हे खरेदीदाराने ध्यानात घ्यावे. त्यानंतर इसारपावतीत पुढील मुद्दे यावेत :

१. 'लिहून देणार' व 'लिहून घेणार' यांची नावे, मिळकतीची चतुःसीमा, पूर्ण किंमत आणि भरण्याचा तपशील. इसार धनादेशाने वा बँकेतून द्यावा. इसाराच्या कराराची तारीख करासाठी ग्राह्य धरायची असल्यासही तो रोख नसावा लागतो.

२. शोध, जाहीर नोटीस व घराची तपासणी यांसाठी ठरावीक मुदत, उदाहरणार्थ २१ किंवा ३० दिवस. हरकत असल्यास ती या मुदतीतच लेखी कळवावी. त्यानंतर नव्या कारणाखेरीज किंमत बदलणार नाही, असे स्पष्ट लिहावे.

३. कर्ज वा मूल्यांकन कमी आल्यास काय, याचे उत्तर. किती रकमेपर्यंतची तूट खरेदीदार स्वतः भरेल आणि त्यापुढे व्यवहार रद्द झाल्यास इसार परत मिळेल की नाही, हे आकड्यात लिहावे.

४. इसार म्हणून नेमकी किती रक्कम समजावी, कोणत्या परिस्थितीत ती जप्त होईल, आणि विक्रेत्याने माघार घेतल्यास त्याने काय द्यावे.

५. खरेदीखताची तारीख सर्व सहहिस्सेदारांना सोयीची. ऊसतोडीला वा परगावी असलेल्यांसाठी नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र आधीच करून ठेवावे.

विक्रेत्याने आणखी एक पथ्य पाळावे. इसार मिळाला म्हणजे घर विकले असे धरून पुढचे देणे अंगावर घेऊ नये. आगाऊ रकमेने कोण किती बांधला जातो, हे ऊसतोडीच्या 'उचली'मुळे या जिल्ह्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. व्यवहारात ज्याला घाई अधिक, त्याच्यावर दबाव अधिक, हा नियम घराच्या खरेदीतही लागू आहे.

रास्त कारण असेल तर कागद दाखवून वेळेवर किंमत कमी मागणे गैर नाही आणि ते मान्य करणे कमीपणाचेही नाही. परंतु समोरच्याच्या नडीवर बोट ठेवून केलेली मागणी, ती मागणाऱ्यालाही महागात पडू शकते. शब्द पाळणारी माणसे आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. त्या शब्दाला इसारपावतीत जागा मिळाली म्हणजे त्याचे मोल कमी होत नाही, उलट तो टिकतो. वर सांगितलेले मुद्दे सर्वसाधारण आहेत. प्रत्यक्ष व्यवहारात मिळकतीची कागदपत्रे पाहून स्थानिक वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.